गोबरगॅसच्या नळीतील पाणी: दाबमापक आणि पाण्याचा सापळा, आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतघरी दीनबंधू पद्धतीचे (पक्क्या बांधलेल्या घुमटाचे) २ घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र असून गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सुमारे ७० फूट नळी जमिनीखालून येते. मागच्या हिवाळ्यात शेगडीची ज्योत भकभकत लहानमोठी होऊ लागली, तेव्हा थंडीने गॅस कमी पडतो असे समजून आम्ही शेण वाढवले आणि दीड महिना पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला. निदान चुकले होते. गॅस पुरेसा होता, नळीत पाणी साचले होते.

संयंत्रातून निघणारा गॅस बाष्पाने पूर्ण भरलेला असतो आणि थंड नळीत त्याचे पाणी होते. ३५ अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते, १५ अंशांना जेमतेम १३ ग्रॅम. त्यात आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे सरळ पुरलेली नळीही दोन वर्षांत मध्येच झोळ धरते व पाणी नेमके तिथे थांबते. नैसर्गिक वायूच्या विहिरींतही वायूचा वेग मंदावला की द्रवाचे थेंब वर न जाता तळाशी साचतात, आणि तेथेही दाबातील चढउतार हे त्याचे एक लक्षण असते.

जूनमध्ये आम्ही नळीच्या सर्वांत सखल जागी कॉक असलेला सापळा (नळीतले पाणी गोळा करून बाहेर काढणारे भांडे) आणि शेगडीजवळ पाण्याचा यू-नळी दाबमापक (यू आकाराच्या नळीतील पाण्याच्या उंचीवरून गॅसचा दाब दाखवणारा) बसवला. खरा उपयोग दाबमापकाचा झाला. शेगडी पेटवल्यावर त्यातील पाणी हळूहळू उतरून स्थिरावले, तर गॅस कमी आहे. ज्योत लहान असूनही ते फारसे उतरलेच नाही, तर बर्नर तुंबला आहे. ते सतत वरखाली हेलकावत राहिले, तर नळीत पाणी आहे. खातरजमेसाठी मी बाहेरच्या टाकीतील स्लरीची (शेणपाण्याच्या काल्याची) पातळी पाहतो, कारण घुमटात गॅस साठला की ती चढते. टाकी भरलेली आणि ज्योत मात्र अडखळणारी, हे दोन्ही एकत्र दिसले की शंका उरत नाही. यंदा डिसेंबरमध्ये हेलकावे दिसताच कॉक उघडला आणि ज्योत त्याच संध्याकाळी निळी व स्थिर झाली. थंडीत आठवड्याला सुमारे अर्धा पेला पाणी निघते, पावसाळ्यात बरेच कमी.

दोषही सांगणे आवश्यक आहे. सापळ्यासोबत आलेला पितळी कॉक गॅसमधील हायड्रोजन सल्फाइडमुळे पाच महिन्यांत काळा पडून अडकला. आता प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे. दाबमापकाची नळीही आखूड होती. दीनबंधूत दाब जवळपास मीटरभर पाण्याइतका चढू शकतो, म्हणून आखूड नळीतील पाणी उडून गॅस थेट स्वयंपाकघरात येतो, आणि हा धोका विक्रेत्याने सांगितलाच नाही. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात दाब १० सेंटिमीटरच्या आसपास असल्याने तेथे हीच नळी पुरते. पाणी काढताना शेगडी विझवावी, मुख्य कॉक बंद ठेवावा आणि गॅसचा फुसकारा येताच सापळा लगेच बंद करावा.