बायपास की ड्युओडिनल स्विच?

डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे हे दोन्ही पर्याय पुढे ठेवल्यापासून वहिनी गोंधळल्यात, म्हणून हे. 'झटपट बारीक व्हा'वाल्या जाहिराती सोडून देऊ.

बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्विचमध्ये जठर उभं कापून केळ्यासारखं निमुळतं करतात, शिवाय आतड्याची वाटच अशी वळवतात की अन्न आणि पित्त शेवटच्या साधारण एक मीटरभरातच एकत्र येतात. मग चरबी फारशी शोषलीच जात नाही. वजन आणि मधुमेह दोन्हींत स्विच सरस, यात वाद नाही.

भुर्दंडही तसाच. प्रथिनं, कॅल्शियम, लोह आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. शौचाला पातळ, उग्र वासाचं होतं. वरण-भातावर भागवणाऱ्या घरात रोज 80-90 ग्रॅम प्रथिनं जमवून बघा! बायपासनंतरही गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर असतातच. गोड खाल्लं की घाम, धडधड होऊ शकते. काही वेदनाशामकांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका दोन्हींत, स्विचमध्ये अधिक.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 50च्या वर, मधुमेह हट्टी आणि तपासणी कधीच न चुकवणारा माणूस असेल तर स्विच. छातीत सतत जळजळ असेल किंवा गोळ्यांचा विसर पडत असेल, तर त्यातल्या त्यात बायपास.