डोमेन रिन्यूअलच्या नावाने आलेलं ते ‘बिल’

वेबसाइट चालवणाऱ्या सगळ्यांनी सावध व्हावं म्हणून लिहितेय. आमच्या संस्थेच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपत आली होती, तेव्हा ‘अंतिम सूचना’ म्हणून एक मेल आला. डोमेनचं नाव बिनचूक, मुदतीची तारीख बिनचूक, खाली लाल अक्षरांत ‘आजच भरा, अन्यथा सेवा बंद’. दरवर्षीच्या बिलासारखंच दिसत होतं. पैसे भरले गेले.

खरा फटका पुढे बसला. आमच्या लेखी रिन्यूअल झालेलं, त्यामुळे रजिस्ट्रारची, म्हणजे ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलंय तिची, खरी स्मरणपत्रं आली तरी ती जुनी समजून बाजूला पडली. मग साइट बंद पडली आणि त्याच डोमेनवरचे मेलही थांबले. खात्याचा पासवर्ड बदलायला गेलो, तर त्याची लिंकसुद्धा त्याच बंद पडलेल्या मेलवर! रजिस्ट्रारकडे एक पैसाही पोचला नव्हता.

तो मेल पुन्हा उघडला. तळाशी फिकट राखाडी, बारीक टाइपात लिहिलं होतं: ‘हे बिल नाही. ही सर्च इंजिन नोंदणीची ऑफर आहे.’ अशी नोंदणी विकत घ्यावी लागतच नाही. सर्च इंजिनं साइट आपणहून शोधतात, आणि गूगलला कळवायचंच असेल तर त्यांच्याच सर्च कन्सोल या साधनातून ते फुकट होतं. म्हणजे त्यांनी विकलं काय, तर काहीच नाही. आणि कायद्यातून निसटायला ती एक ओळ टाकून ठेवली. याचा मला फार संताप येतो.

मुदतीची तारीख बहुतेक डोमेनच्या बाबतीत कुणालाही पाहता येते. ती बरोबर आहे म्हणून मेल खरा, असं धरू नका. मेलमधली लिंक न दाबता रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि तिथेच तारीख बघा. रजिस्ट्रार कोण हेच आठवत नसेल, तर आयकॅनच्या (डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेच्या) लुकअपवर, म्हणजे शोध-पानावर, नाव सापडतं. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर 5 दिवसांत कळवायचं, असा आयकॅनचा नियमच आहे. खात्याला जोडलेला मेल मात्र दुसऱ्या डोमेनवरचा ठेवा. ट्रान्सफरचा कोड (ज्याने डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येतं) कुणी मागितला तर अजिबात देऊ नका.

आमचं डोमेन रद्द झालं होतं, पण डॉट कॉमला त्यानंतर ते परत घ्यायला मिळणारे 30 दिवस उलटले नव्हते. जादा शुल्क भरून ते सोडवलं. कार्डाने भरलेल्या पैशांसाठी बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मिळण्याची, तक्रार केली आहे, अजून निकाल नाही.