राउंडहाउसची ‘लेडी ॲन’ : खऱ्या वाफेवर धावणारं छोटं इंजिन

इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या राउंडहाउस कंपनीचं हे सहाचाकी टँक इंजिनाचं (पाणी स्वतःवरच वाहणाऱ्या इंजिनाचं) मॉडेल. माप १:१९. त्यामुळे ३२ मिमी अंतराच्या रुळांवर ६१० मिमीचं नॅरोगेज (अरुंद रुळमार्ग), म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीचं गेज, जवळपास नेमकं उतरतं. चाकं सरकवून ४५ मिमीवरही चालवता येतं. बॉयलरचा दाब ४० पीएसआय (चौरस इंचाला ४० पौंड), जाळायला ब्यूटेन.

बांधणी दणकट आहेच, पण पैसे वसूल होतात ते संथ चालीत. रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) जेमतेम उघडला तरी इंजिन न अडखळता सरकतं. मात्र थंड सिलिंडरात वाफेचं पाणी होतं, आणि ते दट्ट्याला (पिस्टनला) अडवतं. म्हणून आधी रिव्हर्सर (दिशा बदलणारा दांडा) पुढे-मागे करत इंजिन थोडंथोडं हलवा आणि पाणी धुराड्यातून उडू द्या. चाकं अडली तर जोर लावू नका, रॉड वाकतील.

बॉयलर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने पूर्ण भरा आणि सिरिंजने साधारण ३० मिली काढून घ्या. वाफेला तेवढी जागा लागतेच. ल्युब्रिकेटरमध्ये (सिलिंडरना तेल पुरवणाऱ्या डबीत) फक्त जाड स्टीम ऑइल, ४६० ग्रेडचं. गाडीचं इंजिन ऑइल इथे कामाचं नाही. फेरी संपल्यावर ल्युब्रिकेटर रिकामा करताना खाली पाणी निघालं पाहिजे. वाफ थिजून तेलाखाली बसते आणि तेल वर ढकलते, हीच त्याची युक्ती. तेल जसंच्या तसं उरलं असेल तर ल्युब्रिकेटरचं भोक तुंबलंय, आणि सिलिंडर कोरडे चाललेत.

गॅस सगळ्यात शेवटी भरा, आजूबाजूला ज्योत नसताना. गॅसचा व्हॉल्व्ह किंचित उघडून धुराड्याच्या तोंडाशी लायटर धरला की ज्योत ‘फट्’ करून आत बर्नरवर जाते. घूं-घूं आवाज आला तर गॅस जास्त आहे, कमी करा. आपल्याकडच्या उन्हात टाकीतला दाब चढतो, तेव्हा व्हॉल्व्हवर हात अधिकच हलका ठेवा. ज्योत अशक्त झाली तर जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) काढून उलट्या बाजूने गॅसचा फवारा मारा. तार घातली तर भोक मोठं होऊन जेट वाया जातो.

पाण्याआधी गॅस संपावा, असा हिशेब या इंजिनात आहे. पाण्याची काच (बॉयलरमधली पातळी दाखवणारी नळी) घेतलेली नसेल तर पाणी न भरता दुसऱ्यांदा गॅस कधीही भरू नका, कोरडा बॉयलर तापून खराब होतो. मार्गात चढउतार असतील तर रेडिओ कंट्रोलचीच आवृत्ती घ्या. हाताने ठेवलेला रेग्युलेटर चढावर कमी पडतो आणि उतारावर इंजिन सुसाट सुटून वळणावर उलटतं.