खळ्यात कुठला, पडवीत कुठला? वाडीने मिळून बघायचे कोकणातले सिनेमे

मे महिन्यात गावी माणसं जमली की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी कुणीतरी विषय काढतंच, "एक दिवस सगळी मिळान पिक्चर बघूया." प्रोजेक्टर मंडळाचा, चादर ज्याची धुतलेली असेल त्याची, आणि सिनेमा निवडायचं काम वाडीतल्या एकाच्या गळ्यात. आमच्या देवगडकडच्या वाडीत पाच-सहा वर्षं ते माझ्याकडे आहे. यंदा तुमच्यावर आलं असेल, आणि सिनेमा कोकणातलाच दाखवायचा असं मनात असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. पुढे नावं घेतलेले सगळे सिनेमे मला आवडतात. कुठला कुठे, कधी आणि कुणाच्या शेजारी बसून बघायचा, एवढंच ठरवायचं असतं आणि तेच जड जातं.

आधी जागेचं बोलते. दिवाळीनंतर घातलेला माटव, म्हणजे मांडव, मिरगापर्यंत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा असतो. त्याच्या दोन मेढींना चादर बांधली की पडदा तयार. पण रात्री वारा सुटला की चादर शिडासारखी फुगते आणि पडद्यावरच्या माणसाचं तोंड वाकडंतिकडं होतं. आम्ही खालच्या काठाला पाणी भरलेल्या चार बाटल्या सुतळीने बांधतो, मग ती थाऱ्यावर राहते. दुसरी गोष्ट गाजेची. भरतीला समुद्र बोलायला लागला की हळू आवाजातलं बोलणं मागच्या रांगेपर्यंत येत नाही. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशेब मी करते. एकादशी-द्वादशीला रात्री आठ-नऊच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. चतुर्थी-पंचमीला त्याच वेळी ओहोटी. म्हणून सिनेमाची तारीख आमच्याकडे रविवार बघून ठरत नाही. तिसरी गोष्ट आंब्याची. दिवसभर पेट्या भरलेली माणसं दहाच्या पुढे जागी राहत नाहीत.

पडवीचं गणित वेगळं. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, पुरुष घरी असतात, बाहेर पाऊस, आणि टीव्हीसमोर फार तर दहा-बारा माणसं. जो सिनेमा खळ्यात फुकट जातो तो इथे माणसाला आतून धरतो.

आता सिनेमे. खळ्यासाठी माझ्यापुढे दरवेळी दोन नावं येतात आणि दोन्हींत दिलीप प्रभावळकर आहेत: 'नारबाची वाडी' आणि 'दशावतार'.

'नारबाची वाडी' २०१३चा, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. घाटावरच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवा की इथे वाडी म्हणजे वस्ती नव्हे, माडापोफळींची बाग. नारोबाने ती हाताने उभी केली आहे आणि खोताचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा, तिच्यावर डोळा आहे. शेवटी खोत सौदा करतो: म्हाताऱ्याला दर महिन्याला पैसे द्यायचे, आणि तो गेला की वाडी आपली. म्हातारा काही जात नाही. मनोज जोशींनी खोत असा वठवला आहे की त्याचा राग येतो आणि थोड्या वेळाने कीवही येते. मूळ गोष्ट बंगाली आहे, मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या नाटकाची. तपन सिन्हांनी १९८० साली त्यावर बंगालीत सिनेमाही केला होता. पण खळ्यात बसलेल्या एकालाही ती परक्या मुलखातली वाटली नाही. खोती १९४९च्या कायद्याने गेली, तरी 'खोत' शब्द कानावर पडला की आमचे म्हातारे अजून ताठ बसतात. पहिल्या पाच मिनिटांत हसू सुरू होतं, मध्ये कुणी चहा आणायला उठलं तरी धागा तुटत नाही, आणि पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना पुरतो. त्यात जमिनीच्या वाटण्या ज्यांच्या घरात चालू आहेत ते शेवटी जरा गप्प होतात. ते मला चांगलं वाटतं. घरात वर्षभर न निघालेला विषय त्या रात्री दोन भाऊ परत जाताना बोलत गेले, हे मी आमच्या बेड्याजवळ, कुंपणाच्या फाटकाशी, उभी राहून ऐकलंय.

'दशावतार' सप्टेंबर २०२५मध्ये आला, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. नारोबानंतर बारा वर्षांनी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, प्रभावळकर इथे बाबुली मेस्त्री झाले आहेत. म्हातारा दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट, नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि याचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. पुढे गोष्ट रानाकडे, खाणीकडे वळते आणि गडद होत जाते. 'नारबा'शी तुलना केली तर हा उशिरा पकडतो पण पकडला की सोडत नाही. दोन अडचणी सांगते. रात्रीच्या रानातली दृश्यं खूप आहेत. प्रोजेक्टर मिणमिणता असेल तर पडद्यावर नुसता काळोख दिसेल, तेव्हा पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका आणि आजूबाजूच्या ओटीवरचे दिवे घालवायला सांगा. दुसरं, सात-आठ वर्षांखालची पोरं उत्तरार्धात घाबरतात. पण मुंबईत वाढलेली नातवंडं आली असतील आणि त्यांनी जत्रेत रात्रभर बसून दहिकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, कधी बघितला नसेल, तर मी हाच लावीन. खेळातल्या संकासुर राक्षसाची लाल लांब जीभ बघून एका पोराने आमच्या आबांना विचारलं, "आबा, तुम्ही हे खरं बघितलंय?" आणि आबा मध्यरात्रीपर्यंत सांगत बसले: पायपेटीवाला कोण होता, स्त्रीपार्टी कोण होता, सकाळी सहाला कुठल्या देवळाच्या मागे तोंडाचा रंग पुसला. सिनेमा संपल्यावरचा तो तास मला सिनेमाइतकाच मोलाचा वाटला.

याच विषयावरचा 'पिकासो' (२०२१, अभिजित वारंग) लोक विसरतात. सव्वा तासाच्या आसपासच आहे, आणि मे महिन्यातल्या दमलेल्या माणसांसाठी ही फार मोठी सोय. प्रसाद ओक यांनी दारूत बुडालेला दशावतारी बाप केला आहे. मुलाला चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे भरायचे आहेत आणि घरात ते नाहीत. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' असं दशावताऱ्यांबद्दल आपल्याकडे म्हणतात, ते इथे कसलाही गाजावाजा न करता दिसतं. 'दशावतार'मध्ये भव्यता आहे, 'पिकासो'त खरेपणा जास्त आहे. वाडीत कलाकाराचं घर असेल तर 'पिकासो' निवडा, पण त्या घरात दारूचं दुखणं असेल तर आधी विचार करा.

हा विचार करायला मी शिकले 'श्वास'मुळे, म्हणून त्यावर जरा थांबते. संदीप सावंत यांचा २००४चा 'श्वास' तुम्हाला माहीतच असेल: कोकणातला आजोबा, त्याचा नातू परशुराम, डोळ्याचा कर्करोग, आणि शहरातलं इस्पितळ. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'श्यामची आई'नंतर मराठीला थेट याच सिनेमाने मिळवून दिलं आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठीही पाठवला गेला. एवढा मोठा सिनेमा, शिवाय आपल्या मातीतला, म्हणून एका मे महिन्यात मी कुणालाही न विचारता तो खळ्यात लावला. नातवाला बघायला अजून एकच दिवस आहे, असं आजोबाला कळतं त्या सुमारास शेजारच्या काकी उठल्या. पदर तोंडाला लावून, अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडेकडेने, कुणाच्या पायावर पाय पडू नये असं बघत त्या घरी गेल्या. त्यांच्या धाकट्या भावाची दृष्टी लहानपणीच गेली होती. वाडीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, मलाही होतं. सिनेमा ठरवताना मला ते आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर त्या रागावल्या नव्हत्या, कुळथाची पिठी वाढून मला जेवायलाच बसवलं. पण तेव्हापासून मी सिनेमाचं नाव जाहीर करण्याआधी आठ-दहा घरांत जाऊन गोष्ट दोन वाक्यांत सांगून येते. 'श्वास' बघावाच असा आहे. फक्त तो कुणावर अचानक टाकू नका, आणि खळ्यात तर नकोच.

पडवीसाठी माझा कौल 'किल्ला'ला. अविनाश अरुण यांचा हा पहिला सिनेमा. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं, आपल्याकडे तो २०१५च्या जूनमध्ये लागला. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावात येतो. गोष्ट एवढीच. सायकलवरून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय तिथे एकटा मागे राहतो. खळ्यात हे चालणार नाही, कारण या सिनेमातली निम्मी भाषा पावसाची आहे आणि उरलेली गप्प बसण्याची. जुलैत पडवीत बघा. कौलांवर खरा पाऊस आणि टीव्हीत तो पाऊस, कुठला कुठे संपतो कळत नाही. आमच्या पडवीत तेव्हा नुकती बदली होऊन आलेली एक शिक्षिका आणि तिचा मुलगा होते, वाडीत राहायला येऊन दोनच महिने झालेले. सिनेमा संपल्यावर तो मुलगा आमच्या भाच्याला म्हणाला, "तुमच्याकडे सायकल आहे?" वाडीत नवं बिऱ्हाड आलं असेल तर दुसरा कुठलाही सिनेमा शोधू नका.

'किल्ला' की 'कासव', असा प्रश्न मला बरेचजण विचारतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६चं सुवर्णकमळ मिळालं. जगणं नकोसं झालेला तरुण (आलोक राजवाडे) आणि त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन आलेली जानकी (इरावती हर्षे). ती त्याला प्रश्न विचारत नाही, नुसती जागा देते. कासवीण वाळूत अंडी घालून निघून जाते, पिल्लं आपली आपण पाण्याकडे चालतात. आणि तांबळडेग, वायंगणी, वेळास इथल्या माणसांनी ती घरटी राखलेली आहेत, हे आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. म्हणून हा सिनेमा आपल्याला लवकर पोचतो. पण तो आठ-दहा माणसांत बघू नये. घरात कुणी तरुण मुलगा-मुलगी महिनोन्महिने खोलीबाहेर येत नसेल तर आईवडिलांनी आधी स्वतः दोघांनी बघावा, हे मी मनापासून सांगते. कुटुंबासाठी 'किल्ला', दोन माणसांसाठी 'कासव'.

बाकीच्यांचं थोडक्यात. आचार्य अत्र्यांचा १९५३चा 'श्यामची आई' जुन्या पिढीला अजून पाठ आहे, पण पोरं अर्ध्यावर उठून जातात. आजी-आजोबांची दुपार असेल तर लावा. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, त्यामुळे तिकडच्या शेजाऱ्यांना त्याचं अप्रूप जास्त. 'तुंबाड' हिंदीत आहे, नाव आपल्या खेड तालुक्यातल्या गावाचं, पाऊस अप्रतिम, पण प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं. पोरं झोपल्यावर मोठ्यांनी बघावा. 'जैत रे जैत' (१९७७) गाण्यांसाठी कधीही. त्यातली ठाकरांची वस्ती रायगडकडची, आमच्या बायका तो बघण्यापेक्षा सोबत गातात.

शेजारी सुचवतात त्याबद्दल एक सांगते. "बघाच" असं कुणी म्हटलं की सिनेमा कसा आहे हे विचारू नका, कुणाबरोबर बघितला ते विचारा. आमच्या खालच्या घरातले दादा होडीवर जातात, मोबाइलवर एकटे बघतात. त्यांना आवडलेला सिनेमा शांत असतो आणि खळ्यात हमखास पडतो. वरच्या घरातल्या वहिनी सासू आणि तीन पोरांना घेऊन बघतात. त्यांनी सुचवलेलं मी डोळे झाकून लावते. आणि ज्या आजी दरवेळी "माका हसूक होया, रडूक नको" म्हणतात त्यांचं आधी ऐका, कारण रडायचं कारण त्यांच्याकडे बहुधा असतं.

तेव्हा एकच रात्र असेल आणि सगळी वाडी येणार असेल तर 'नारबाची वाडी', मुंबईची पोरं जास्त असतील तर 'दशावतार', माणसं दमलेली असतील तर 'पिकासो'. दुसरी रात्र मिळाली तर ती पावसासाठी राखून ठेवा आणि 'किल्ला' लावा.

'श्वास' मात्र आमच्याकडे परत लागला. गेल्या जुलैत, भर पावसात, काकी स्वतः आमच्या पडवीत येऊन बसल्या. दोन वर्षं त्यांनी तो विषय काढला नव्हता. पायरीवर पाय धुतले, पदराने पुसले आणि म्हणाल्या, "मगे तो झील घराक इलो काय?" पोरगा घरी आला का, ते मी काहीच सांगितलं नाही. आम्ही चौघीच होतो. दार ओढून घेतलं आणि त्या जिथून उठून गेल्या होत्या तिथून सिनेमा पुढे सुरू केला.