म्हैसूरचा राजवाडा बंद नव्हता

म्हैसूरला गेलात आणि रिक्षावाला म्हणाला, "राजवाडा आत्ता बंद आहे, दुपारनंतर उघडेल," तर त्याचं ऐकू नका. पुढचं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा, म्हणून आधीच लिहून टाकते. आम्ही ऐकलं. त्यात मावशीचे साडेसोळा हजार गेले आणि आईचा एक अख्खा दिवस गेला. मला त्या दिवसाचं जास्त वाईट वाटतं.

आईच्या माहेरी माजघरात म्हैसूरच्या दसऱ्याचं एक चित्र होतं. झूल पांघरलेला हत्ती, पाठीवर सोन्याची अंबारी, दोन्ही बाजूंना भालदार. आजोबा रेल्वेत होते, हुबळीला असताना त्यांनी ते आणलं होतं. लहानपणी त्या चित्राखाली बसून ती पाढे म्हणायची. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. चालता येतंय तोवर ती अंबारी दाखवून आणायची, असं मी ठरवलं होतं. मावशीच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं, त्यामुळे एक म्हैसूर सिल्क घेऊन येऊ, म्हणून तीही निघाली. डिसेंबरात मिरजेहून रेल्वेने आम्ही तिघी गेलो.

मुद्दाम रविवार गाठला होता. रविवारी आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी सातला सगळा राजवाडा दिव्यांनी उजळतो. सुमारे एक लाख दिवे आहेत. राजवाडा पाहायचा, आईला दुपारी खोलीवर विश्रांती द्यायची आणि सातला रोषणाईला परत यायचं, असा बेत होता. सोमवार सोमनाथपूरसाठी ठेवला होता. 1258 सालचं ते केशव मंदिर म्हैसूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे.

साडेदहाला आम्ही राजवाड्यासमोर उतरलो. समोर भलंमोठं कमानदार प्रवेशद्वार आणि ते बंद. आम्ही घुटमळलो तेवढ्यात एक रिक्षावाला पुढे आला. पन्नाशीचा माणूस, स्वच्छ खाकी शर्ट, बोलणं इतकं अदबीचं की आईला लगेच "अम्माजी" म्हणाला. "आज सुबह राजपरिवार की पूजा है, अम्माजी. डेढ बजे खुलेगा. देखिए, गेट बंद है." गेट खरंच बंद होतं.

सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पूर्वेचा तो मोठा दरवाजा म्हणजे जयमार्तंड द्वार. पर्यटकांना तिथून आत सोडतच नाहीत, एरवीही तो बंदच असतो. तिकीट आणि प्रवेश दक्षिणेकडच्या वराह द्वारातून. राजवाडा वर्षभर रोज सकाळी दहाला उघडतो. पूजेचं कारणही त्याने हवेतून काढलं नव्हतं. दसऱ्यात राजघराण्याचे विधी असतात, तेव्हा काही वेळ प्रवेश खरोखर बंद ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा दसरा होऊन दोन महिने झाले होते. पण डोळ्यांसमोर बंद दार दिसत असताना त्या माणसावर अविश्वास दाखवायचं कुणाच्या मनात येईल? वळसा घालून वराह द्वारापर्यंत गेलो असतो तर तिकिटाची रांग दिसली असती.

पन्नास रुपयांत शहर दाखवून दीडला परत सोडतो, म्हणाला. जवळजवळ तीन तासांचे पन्नास रुपये! मी तेव्हाच थबकायला हवं होतं. ज्याचं पोट भाड्यावर चालतं तो इतक्या कमी पैशांत फिरवतो, म्हणजे बाकीचे पैसे त्याला दुसरीकडून मिळतात. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "जुना चंदन बाजार वर्षातून एकदाच भरतो, आज शेवटचा दिवस." म्हैसुरात असा बाजार नाही. रोजचा आहे तो देवराज मार्केट. फुलं, कुंकवाचे रंगीत ढीग, अत्तरं सगळं तिथे मिळतं आणि राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आम्हाला मात्र वीस मिनिटं गल्लीबोळांतून फिरवून त्याने एका घरासमोर उतरवलं.

ओसरीवर एक बाई अगरबत्त्या वळत होती. काळ्या पिठाचा गोळा, पातळ काडी, तळहाताचा एक झोका की अगरबत्ती तयार. तिचं कसब अस्सल होतं, आम्ही तिघी बघत राहिलो. अशा जागी आधी काहीतरी खरं दाखवतात आणि मग आपला हात सैल होतो. आतल्या माणसाने आईच्या मनगटावर तेलाचा थेंब लावला आणि सरकारी कारखान्याचं शुद्ध चंदन तेल म्हणून सांगितलं. 1916 सालच्या कारखान्याची गोष्ट सांगितली, टिपूने चंदनाला राजवृक्ष ठरवल्याचीही सांगितली. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्या बाटलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मग त्याची नजर आईच्या गुडघ्यांकडे गेली. "रोज रात्री दोन थेंब, अम्माजी, तीन महिन्यांत जिना चढाल." आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मला नाही म्हणवलं नाही. दोन बाटल्यांचे अठराशे रुपये दिले.

तिथून पुढचा मुक्काम साड्यांचं दुकान. दारावर इंग्रजीत सरकारमान्य असल्याची पाटी. मावशीने आमसुली रंगाची, बारीक जरीच्या काठाची साडी निवडली. तिने शंका काढायच्या आत दुकानदार म्हणाला, "जलाके दिखाता हूँ." पदराच्या टोकाशी बोटं फिरवून धागा काढला आणि काडी ओढली. केस जळाल्यासारखा वास आला, बोटांत चुरली तर राख पीठ झाली. रेशमाची खूण अशीच असते, हे मला माहीत होतं, म्हणून मीच मावशीला म्हटलं, "अगं, खरी आहे, घे." धागा साडीतून निघाला की त्याच्या मुठीतून, हे मी पाहिलंच नाही. मी ज्योतीकडे बघत होते. साडेसोळा हजार मावशीने फोनवरून दिले. खात्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. पावती मागितली तर 'एस्टिमेट' लिहिलेला कागद हातात आला. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक.

राजवाड्याशी परत सोडलं तेव्हा साडेतीन वाजले होते. जेवण झालेलं नव्हतं, आईचे पाय सुजले होते. वराह द्वारावरच्या रखवालदाराला मी विचारलं, "पूजा झाली का?" तो गोंधळला. "कोणती पूजा? सकाळी दहापासून चालू आहे."

चपला बाहेर ठेवून आत गेलो. आईने अंबारी पाहिली. लाकडी अंबारीवर सोन्याचा पत्रा, वजन सुमारे 750 किलो. काचेपाशी उभी राहून ती दोन मिनिटं काही बोलली नाही. कल्याण मंडपात ग्लासगोहून आणलेलं मोरांच्या नक्षीचं रंगीत काचेचं छत आहे आणि भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं. आजोबांच्या चित्रातली सगळी मिरवणूक तिथे भिंतभर मांडलेली. तिला एकेका चित्रासमोर थांबायचं होतं, पण पाय ऐकेनात. वरच्या दरबार हॉलचा जिना तिने खालूनच पाहिला. रोषणाईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. सहाला ती खोलीवर झोपली होती. सोमवारीही पायांची सूज उतरली नाही, सोमनाथपूर राहून गेलं.

तेलाचा वास दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही टिकला नाही. साडीचं सांगलीत कळलं. फॉल-पिको करणाऱ्या ताईंनी काठावर हात फिरवला आणि काही न बोलता पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा ओढून काडी लावली. धागा आक्रसला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला, म्हणजे ते रेशीम नव्हतंच. ताईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मावशी शेजारीच उभी होती.

खरी म्हैसूर सिल्क कर्नाटक सरकारच्या केएसआयसी या रेशीम महामंडळाची. तिचा कारखाना 1912 सालचा. त्यांच्या प्रत्येक साडीवर होलोग्राम असतो आणि साडीतच भरतकामाने एक क्रमांक घातलेला असतो. घेताना तो क्रमांक शोधा आणि तो पक्क्या बिलावर लिहून घ्या. धागा जाळून दाखवतो म्हणणाऱ्याला धागा मला काढू दे म्हणा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, मी फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण दुकानाचं नाव-पत्ता असलेलं बिल मागितलं आणि तेच आमच्याकडे नव्हतं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पर्यटकांसाठी 1363 हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो मला तेव्हा माहीत असता तर त्या बंद गेटसमोर उभं राहूनच लावला असता. रिक्षाचा नंबर टिपून घ्यायचं त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. तुम्ही बसण्याआधी फोटो काढा.

मावशीने लग्नात जुनीच पैठणी नेसली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण "अगं, खरी आहे, घे" हे माझे शब्द मला अजून ऐकू येतात.

आईने परवा विचारलं, पुढच्या वेळी तिथे चाकाची खुर्ची मिळेल का. मी चौकशी करतेय. रविवारचीच तिकिटं काढणार आहे. दुपारभर तिला झोपू देईन आणि सातच्या आधी वराह द्वारातून आत नेईन.