बाथरूमच्या अँटी-स्किड टाइल्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाथरूमची फरशी बदलून आता बरेच महिने झाले. बाहेरच्या भागात बारीक खरखरीत मॅट पोर्सिलेन आणि शॉवरखाली त्याच रंगाचं मोझॅक आहे. घरात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि ओल्या पायांनी धावत सुटणारा मुलगा, त्यामुळे रंगाआधी पकड बघितली.

दुकानात नुसतं ‘अँटी-स्किड आहे’ असं सांगितलं, तर डेटाशीट मागा. त्यावर बहुधा आर 9 ते आर 13 यांपैकी एक दर्जा लिहिलेला असतो. पण ही चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून करतात, आणि आर 9 हा त्यातला सगळ्यात खालचा दर्जा आहे. आंघोळीला आपण अनवाणी असतो. म्हणून डीआयएन 51097 या जर्मन मानकाचा वर्ग विचारा. त्यात साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या उतारावर अनवाणी चालून किती अंशांच्या उतारापर्यंत पाय घसरत नाही ते बघतात: ए साठी किमान 12 अंश, बी साठी 18, सी साठी 24. शॉवरखाली मी बी घेतली. पेंड्युलम चाचणीचा (झुलणाऱ्या दांड्याचं रबर फरशीवर घासून पकड मोजतात) आकडा दिला असेल, तर तो ओल्या फरशीवरचा आणि 36 किंवा जास्त हवा.

पकड खरोखर चांगली आहे. मोझॅकमध्ये सांधे जास्त, त्यामुळे पायाला आधार मिळतो. शिवाय लहान तुकड्यांमुळे जाळीकडे चारही बाजूंनी उतार नीट देता आला, पाणी साचत नाही. उतार बिघडला तर चांगल्या टाइलवरही डबकं राहतंच, तेव्हा गवंड्याकडून पाणी ओतून तपासून घ्या.

तक्रार एकच, साफसफाईची. मध्यंतरी शॉवरखाली पाय सरकायला लागला. नखाने खरवडलं तर पांढरट, मेणचट थर निघाला: कंडिशनर, तेल आणि साबण खरखरीत खळग्यांत बसले होते. नुसता पोछा मारला की तो थर आणखी पसरतो. कोमट पाणी, डिटर्जंट आणि कडक ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुतल्यावर पकड पूर्ववत झाली. आता हे दर आठवड्याला करते. अ‍ॅसिड वापरू नका, सिमेंटचे सांधे खराब होतात. चकाकीसाठी पॉलिश किंवा मेण तर अजिबात नको.

घेण्याआधी नमुन्याचा एक तुकडा घरी आणा, साबणाचं पाणी टाकून भिंतीला धरून त्यावर अनवाणी उभे राहा, मग तोच तुकडा मळवून घासून बघा. शॉवरखाली मी पुन्हा हीच टाइल घेईन.