वणव्यानंतरच्या रानासाठी पैसे द्यायचे, तर नेमके कुठे?

मेलबर्नमधल्या आमच्या सात कुटुंबांनी दिवाळीचा फराळ विकून ४,००० डॉलर जमवले. वणव्यात होरपळलेल्या रानातल्या जिवांसाठी ते द्यायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र तीन संध्याकाळी वाद झाला. कोआलांच्या दवाखान्याला द्यायचे, घरटेपेट्यांना, की रानात माजलेली मांजरं पकडणाऱ्या गटाला? तुमचं मंडळ किंवा मित्रमंडळी याच पेचात असतील, तर आम्ही पडताळलेलं इथे मांडते.

आधी एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर पुढची तुलना फुकट. २०१९-२० च्या वणव्यात सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने केलेल्या आवाहनाला ५ कोटी डॉलरच्या वर पैसे आले. देणाऱ्यांपैकी अनेकांची इच्छा होती, आणि तिचीही, की त्यातला वाटा प्राण्यांना मिळावा. पण पैसे जमा झाले होते न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या न्यासात. मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यासपत्रात लिहिलेल्या कामांपलीकडे हा पैसा जाऊ शकत नाही, म्हणजे प्राण्यांच्या संस्थांना देता येणार नाही. अग्निशमन दलाला मदत मिळाली हे चांगलंच झालं. पण आवाहनातला फोटो कोआलाचा आहे म्हणून पैसा कोआलाला पोचेल असं नसतं. पैसा कुणाच्या खात्यात जातो आणि त्या संस्थेची नियमावली काय म्हणते, हे आधी वाचा. धर्मादाय संस्थांची सरकारी नोंदवही ऑनलाइन खुली आहे. करसवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता आहे का ते सरकारच्या ABN Lookup या संकेतस्थळावर बघा. मान्यता असेल तर २ डॉलरपासूनच्या देणगीवर सवलत मिळते. गावपातळीवरच्या अनेक छोट्या गटांकडे ती नसते, आणि तेवढ्यासाठी त्यांना बाद करू नका.

आता पर्याय.

जखमी आणि पोरक्या प्राण्यांची शुश्रूषा. माणसाचं मन सगळ्यात आधी इथेच धावतं. आम्ही व्हिक्टोरियातल्या एका परवानाधारक शुश्रूषा करणाऱ्या बाईंकडे जाऊन आलो. कपडे धुण्याच्या खोलीत दाराच्या मुठींना कापडी पिशव्या टांगलेल्या, एकीतून कांगारूच्या पिल्लाचे लांबच लांब पाय बाहेर आलेले. गाईचं दूध या पिल्लांना सोसत नाही, खास पावडर आणावी लागते, आणि लहान पिल्लाला रात्रीसुद्धा दर थोड्या तासांनी बाटली. माझ्या आईने जुन्या सुती साडीची अस्तरं शिवून दिली होती. बाईंनी प्रत्येक शिवण बोटाने तपासली, कारण सुटलेल्या एका धाग्यात पिल्लाचं नख अडकून पाय दुखावू शकतो. इथे ५० डॉलर दिले तरी ते त्याच आठवड्यात दुधाच्या रूपाने पोटात जातात. थोडी रक्कम आणि लगेच उपयोग हवा असेल, तर याच्याइतकं चोख काही नाही.

पण याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ-ऑस्ट्रेलिया या निसर्गसंवर्धन संस्थेने करवून घेतलेल्या अंदाजानुसार २०१९-२० च्या वणव्यांत सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा घरादाराला मुकले. त्यातले २४६ कोटी सरपटणारे, १८ कोटी पक्षी, १४ कोटींवर सस्तन, ५ कोटींवर बेडूक. दवाखान्यापर्यंत पोचतात ते मूठभर. शिवाय पैसा ओळखीच्या चेहऱ्याकडे जातो: पोर्ट मॅक्वारीच्या कोआला रुग्णालयाने २५,००० डॉलर मागितले आणि ७० लाखांच्या वर आले. बऱ्या झालेल्या प्राण्याला परत सोडायला रान लागतं, आणि तिथे खायला झाडही लागतं.

घरटेपेट्या आणि ढोली. निलगिरीच्या खोडात राहण्याजोगी ढोली तयार व्हायला शंभर वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. आगीत जुनी झाडं पडली की पॉसम आणि ग्लायडर हे झाडांवर राहणारे पिशवीवाले प्राणी, पोपट, काकाकुवा सगळेच बेघर. पेटी लावणं हे मंडळांना आवडणारं काम आहे: सुतारकाम करता येतं, मुलांना नेता येतं, फोटो निघतो. पण पेटी टांगली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्यात मधमाश्या पोळं करतात, झाकण सडतं, आणि उन्हात पातळ फळ्यांची पेटी भट्टीसारखी तापते. म्हणून किती पेट्या लावणार हे विचारू नका; दरवर्षी शिडी लावून त्या तपासणार कोण, हे विचारा. उत्तर नसेल तर हा पर्याय सोडा.

उत्तर असेल, तर काय होऊ शकतं ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर दिसतं. तिथला चकचकीत काळा काकाकुवा जवळपास फक्त एकाच झाडाच्या बियांवर जगतो. ते झाड आपल्या कोकणातल्या सुरूचं नातलग. १९९० च्या दशकात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले होते. पॉसम चढून अंडी खातात म्हणून घरट्याच्या झाडांना पत्र्याचे पट्टे गुंडाळले, पेट्या लावल्या, सुरू लावले, आणि हे वर्षानुवर्षं सांभाळलं. वणव्याआधी संख्या साडेतीनशेच्या वर गेली होती. मग बेटाचा जवळजवळ अर्धा भाग जळाला आणि त्या सुरूंपैकीही पुष्कळ गेले. नव्या रोपाला बी धरायला कित्येक वर्षं लागतात. सरसकट वृक्षलागवड मात्र नको. बहुतेक जातींची निलगिरी आगीनंतर काळ्या खोडातूनच पालवते, आणि तिथे रोपं लावणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया. विशिष्ट प्राण्याचं विशिष्ट खाद्यझाड गेलं असेल तिथेच लावा.

मांजरं आणि कोल्हे आवरणं. याला देणगीदार मिळत नाहीत. सापळ्यांचा फोटो कुणी पाठवत नाही, आणि त्या मांजरांना शेवटी मारलं जातं हे आमच्यातल्या दोघांना अजून जड जातं. तरीही माझं मत इकडे झुकलं, ते एका आकड्यामुळे. कांगारू बेटावरचा डनार्ट हा उंदराएवढा, पिल्लं पिशवीत वाढवणारा प्राणी. त्याच्या अधिवासाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग जळाला. वणव्यानंतर तिथे पकडलेल्या ८६ मांजरांची पोटं तपासली, तर सात मांजरांत आठ डनार्ट सापडले. झुडपं जळून लपायला जागा न उरल्याने आगीतून वाचलेला जीव मांजराच्या तोंडी जातो. बेटावरच्या जमीनमालकांनी एका संवर्धन संस्थेला साथ देऊन सुमारे ३७० हेक्टरला मांजररोधक कुंपण घातलं. एवढं मोठं काम आपल्या रकमेत होत नाही, पण एखादा सापळा, एखादा स्वयंचलित कॅमेरा, गटाच्या गाडीचं पेट्रोल हे नक्की होतं.

मोठी राष्ट्रीय संस्था की गावचा गट? मोठ्या संस्थेकडे शास्त्रज्ञ आहेत, हिशेब चोख आहे, आणि २०२० मध्ये तिच्याकडे पैसाही भरपूर आला. लँडकेअरसारखा, म्हणजे आपल्या भागातली जमीन आणि रान सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा, गावचा गट मात्र आग लागली तेव्हा तिथेच होता आणि पाचव्या वर्षीही असेल. ४,००० डॉलरने मोठ्या संस्थेच्या ताळेबंदात फरक पडत नाही; गावच्या गटाच्या अख्ख्या वर्षात पडतो. लाखाच्या घरात रक्कम असती तर मी उलट सांगितलं असतं.

आम्ही शेवटी ५०० डॉलर दुधाच्या पावडरला दिले. उरलेले ३,५०० पूर्व व्हिक्टोरियातल्या एका छोट्या गटाला, तीन वर्षांत तीन हप्त्यांनी. सापळे आणि जुन्या पेट्यांची दुरुस्ती एवढ्यासाठीच, नव्या पेट्यांसाठी नाही. गटाच्या खजिनदार आजी फोनवर म्हणाल्या, दुरुस्तीसाठी पैसे देतो असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं. पुढच्या मार्चमध्ये शिडी धरायला आमच्यातले चौघं जाणार आहेत.